मेजरची धाप

"आता हस," शरयूताई म्हणाल्या.

काचेपलीकडच्या बूथमध्ये पुष्कर नुकताच मेला होता. चांगला मेला नव्हता, पण मेला होता. कपाळावर घाम, हेडफोन मानेत घसरलेला. त्यानं गोंधळून काचेतून आमच्याकडं पाहिलं.

"हसू?"

"मोठ्यानं. माइकमध्ये. माझ्याकडं मेलेला माणूस हसल्याशिवाय बाहेर येत नाही."

"ताई, खरंच?"

"नंदू, रेकॉर्ड कर रे. याला वाटतंय मी चेष्टा करतेय."

नंदूनं बटण दाबलं, बूथमधला लाल दिवा लागला. पुष्कर घसा खाकरून हसला, म्हणजे 'हा हा हा' असं म्हणाला.

"हे हसणं? असे माझे जावई हसतात, माझ्या हातचं जेवल्यावर."

तेव्हा मात्र पोरगा खरा हसला. ताईंनी मान डोलावली. "हं. ये बाहेर. झालास जिवंत."

ताई मूळच्या नाटकातल्या. त्यांच्या नाटक कंपनीत रीत होती म्हणे, की स्टेजवर मेलेल्या नटानं विंगेत आल्यावर आधी मोठ्यानं हसायचं आणि मगच तोंडाचा रंग पुसायचा. नाहीतर ते मरण अंगाला चिकटून घरी येतं. नाटक सुटलं, डबिंग आलं, पण रीत त्यांनी सोडली नाही. गोरेगावात एका गॅरेजच्या वर त्यांचा हा छोटा स्टुडिओ होता. खालून पत्रा ठोकल्याचा आवाज आला की सगळ्यांनी श्वास धरून थांबायचं, आवाज थांबला की पुन्हा मरायचं, पुन्हा हसायचं.

मी मागच्या सोफ्यावर माझे संवाद मांडीवर घेऊन बसले होते. मला हसू आलं नाही. पुष्कर ज्याला आवाज देताना मेला तो मेजर होता, आणि पहिल्या भागात मेजरचा आवाज माझ्या नवऱ्याचा होता.

'फौलादी पलटण' हे त्या परदेशी सिनेमाचं मराठी नाव. तिकडं फार वर्षांपूर्वी वीतभर उंचीच्या सैनिकांची खेळणी निघाली होती. कोपरात, गुडघ्यात वाकणारी. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा हुद्दा, वेगळं हत्यार. ती खेळून मोठ्या झालेल्या माणसांनी त्यांच्यावर खराखुरा, हाडामांसाच्या नटांचा सिनेमा काढला. आमच्या वाट्याला लहानपणी जत्रेतल्या पुडीतले हिरव्या प्लॅस्टिकचे शिपाई आलेले, गुडघा टेकून जन्मभर एकाच दिशेला नेम धरणारे. पण हेरंबकडं एक अस्सल होता. मेजर. त्याच्या मामानं मस्कतहून आणलेला. उजव्या हाताचा अंगठा तुटलेला, त्यामुळं बंदूक काही हातात टिकायची नाही. पहिल्या भागाच्या वेळी आवाजाची चाचणी द्यायला हेरंब त्याला शर्टाच्या खिशात घालून आला होता. "मूळ मालकच सोबत आणलाय," असं ताईंना म्हणाला. काम त्यालाच मिळालं. मेजरच्या पलटणीतल्या सार्जंट हॅनाचं काम मला मिळालं.

तेव्हा मला सातवा लागला होता. माझ्या हातांत ओटीभरणाचा हिरवा चुडा होता आणि सासूबाईंनी बजावलं होतं, बाळंतपण होईपर्यंत एक काकण उतरवायचं नाही. इकडं ताईंच्या बूथच्या दाराशी एक स्टीलचं ताट असे. बांगड्या, पैंजण, किल्ल्या, फोन, सगळं त्यात काढून ठेवायचं. "पोटातली भूकसुद्धा बाहेर ठेवून या, माइक सगळं ऐकतो," हे त्यांचं वाक्य. माझा चुडा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला होता. शेवटी नंदूनं माझ्या दोन्ही मनगटांना नॅपकिन गुंडाळून वर चिकटपट्टी लावली. "वहिनी, आता डायरेक्ट रिंगणात," म्हणाला होता. बॉक्सरसारखे हात घेऊन मी सार्जंट हॅना झाले.

आज ताटात ठेवायला माझ्याकडं नुसत्या किल्ल्या होत्या.

जुई तीन आठवड्यांची असताना हेरंब नाटकाच्या दौऱ्यावर गेला. बार्शीचा प्रयोग आटपून बस परत निघाली. थकून सगळेच झोपले. सकाळी चहाला गाडी थांबली तेव्हा सगळे उतरले, तो उतरला नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. बसमधला जो तो मला येऊन सांगत होता, "त्याला काही त्रास झाला नाही हो, आम्हाला काहीच ऐकू आलं नाही." धीर द्यायला म्हणायचे. मला त्यातलं शेवटचं तेवढंच राहिलं. थिएटरच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही ज्याची कुजबुज ऐकू यायची, तो माणूस भरल्या बसमध्ये गेला आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही. त्यानं हाक मारली असेल का? धाप लागली असेल का? जुईला पाजताना, भाजी निवडताना, रिक्षात, कुठंही बसले की माझे कान त्या बसमध्ये जाऊन बसायचे.

आणि आता दुसऱ्या भागात, सिनेमा सुरू होऊन जेमतेम वीस मिनिटं होतात न होतात तोच, मेजर मरत होता.

"ऋजुता, इकडं ये. माझ्याशेजारी बस," ताई म्हणाल्या. पुष्करला त्यांनी चहाला पिटाळलं होतं. "एक विचारायचंय. आवडणार नाही तुला."

"मग विचारू नका."

"विचारावं लागणार. पुष्करचे संवाद ठीक आहेत. आवाज हेरंबच्या जवळ जातो, क्लायंटनं पास केलाय. पण त्याची धाप बघितलीस ना? जिना चढून आलेल्या माणसाची आहे ती. पडद्यावर एवढा मोठा माणूस हॅनाच्या मांडीवर जीव सोडतोय आणि ऐकताना वाटतंय, याला पाणी द्या, बरा होईल."

मला पुढचं कळलं.

"पहिल्या भागातले हेरंबचे श्वास आहेत आपल्याकडं," ताई म्हणाल्या. डबिंगमध्ये संवाद झाले की नटाकडून पळणं, मार खाणं, कण्हणं, धापा असं सगळं वेगळं करून घेतात, आणि नंदू ते जपून ठेवतो. "त्यातली एक धाप मी या प्रसंगावर लावून बघितली. इतकी बसली, इतकी बसली की मी उठून बाहेर गेले. तू हो म्हणालीस तर ठेवते. नाही म्हणालीस तर पुष्करचीच राहील, मी पुन्हा विषय काढणार नाही. क्लायंटला यातलं काही माहीत नाही. हा तुझा-माझा प्रश्न आहे."

"त्याचा श्वास घेऊन त्याला मारायचं?"

"मेजरला."

"जुईला तो फरक कळत नाही, ताई."

आणि तेच खरं होतं. जुई बाहेर रिसेप्शनवरच्या मुलीच्या हवाली होती, कारण तिला सांभाळणाऱ्या महाजनकाकू भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. हातात अंगठा तुटलेला मेजर. पहिला भाग तिनं आजीबरोबर इतक्यांदा पाहिला होता, की मेजरच्या आधी तिच्याच तोंडून वाक्य यायचं. बाबा देवाकडं आहे, हे तिला सांगितलेलं. त्यावर तिनं स्वतःचं एक गणित बसवलं होतं: बाबा देवाकडं, पण त्याचा आवाज मेजरकडं ठेवायला दिलाय. एकदा तापात तिनं हट्ट धरला होता, "मेजरला लाव ना, बाबा बोलू दे." मी सिनेमा लावला. लढाईच्या आवाजात ती शांत झोपली.

तिला मी काय सांगणार होते? ज्याच्याकडं ठेवायला दिला, तोही गेला?

"एकदा ऐक," ताई म्हणाल्या. "मग ठरव. न ऐकता नाही म्हणालीस तर मला राग नाही, पण तुला पुढं खात राहील."

मी बूथमध्ये गेले. हेडफोन चढवला. पडद्यावर पडक्या भिंतीआड मेजर निपचित पडलेला, हॅनानं त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं. प्रसंग सुरू होण्याआधीची खूण वाजली. बीप, बीप, बीप.

आणि हेरंब माझ्या कानात श्वास घेऊ लागला.

ओळख पटायला क्षणही लागला नाही. आवाज कुणी उसना आणेल, श्वास कुठून आणणार? आत ओढताना नाकात बारीक शीळ वाजायची त्याच्या. ती वाजली. मग तो तुटका, दाबलेला, छातीत कोंडून राहिलेला उच्छ्वास. पुन्हा एक. घशाशी काहीतरी अडलंय, ते बाहेर येऊ द्यायचं नाही म्हणून धडपडणारा माणूस. तीन वर्षं मी जे ऐकायला त्या बसमध्ये जात होते, तेच. हुबेहूब तेच.

मी हेडफोन ओढून काढला. स्टँडवर आपटला तो.

"नाही," मी म्हणाले. "नाही, ताई. नको."

"ठीक आहे. नंदू, काढ ते," ताई लगेच म्हणाल्या. नंदू मान खाली घालून उभा होता. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मी बाहेर रिसेप्शनवर आले. जुई जमिनीवर मांडी घालून बसली होती. मेजरला तिनं रुमालात गुंडाळलं होतं.

"काय झालं त्याला?"

"थंडी वाजतेय. एसी आहे ना." मग माझ्या तोंडाकडं बघून, "आई, तुझं संपलं?"

"नाही गं. अजून करायचंय."

"मेजर बोलला?"

मी तिच्या केसांतली पिन सरळ केली. "थोडं थोडं."

"मला ऐकायचंय."

"आज नाही."

"तू नेहमी आज नाहीच म्हणतेस," ती म्हणाली, आणि मेजरच्या अंगावरचा रुमाल आणखी घट्ट केला.

पुन्हा आत गेले. पुष्करच्या धापेवर माझे संवाद सुरू झाले. चारच ओळी होत्या. "मेजर, डोळे उघडा. मी आहे. पलटण बाहेर थांबलीय. तुम्ही उठायचंय." पहिला टेक पडद्यावरच्या हॅनाच्या ओठांशी जुळला नाही. दुसरा बरोबर बसला, पण ताई म्हणाल्या, "पुन्हा." तिसऱ्याला म्हणाल्या, "बातम्या वाचतेयस." चौथ्याच्या मध्येच खालच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा बडवायला घेतला. मग थांबलो सगळे.

"ऋजुता," ताईंचा आवाज हेडफोनमध्ये हळू आला, "तू कुणाला उठवतेयस? मांडीवर माणूस आहे तुझ्या. तू भिंतीशी बोलतेयस."

"मांडीवर कुणी नाहीये, ताई."

माझ्या तोंडून निघून गेलं. पुष्कर मागं सोफ्यावर चहाचा ग्लास घेऊन बसला होता, तो ग्लासात बघत राहिला. बिचाऱ्याची काय चूक होती? त्यानं आपली धाप दिली होती. पण त्या धापेला उठ म्हणावं असं मला वाटत नव्हतं. आणि ज्याला म्हणावंसं वाटत होतं, त्याला मीच काढायला लावलं होतं.

खालची ठोकाठोक थांबली.

"ते लावा," मी म्हणाले.

"काय?"

"मघाचं. पूर्ण लावा, मी काढणार नाही."

ताईंनी नंदूकडं पाहिलं. नंदूनं लावलं.

या वेळी मी पडद्याकडं पाहिलंच नाही. डोळे मिटून घेतले. शीळ वाजली. कोंडलेला उच्छ्वास आला. पुन्हा श्वास. घशाशी अडलेलं ते काहीतरी. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. पळायचं नाही, ऐकायचं. बसमध्ये कुणी ऐकलं नाही, निदान इथं तरी कुणी ऐकावं.

आणि मग, तिसऱ्या धापेच्या तळाशी, अगदी बारीक काहीतरी किणकिणलं.

"थांबा. मागं घ्या."

पुन्हा. श्वास, शीळ, धाप. किण्. आणि लगेच आणखी एकदा, किण्.

"नंदूदादा, हा आवाज कसला?"

नंदू पुढं वाकला, बोलायचं बटण दाबून धरलं. त्याचा मालवणी हेल तो घाबरला की वर यायचा. "वहिनी, तो माका काढूक नाय जमलो. लय प्रयत्न केलो तेव्हा. धापेच्या अगदी पोटात बसलोहा. म्हटलं, लढाईच्या गडबडीत कोणाक ऐकू येतला?"

"काचेचा आहे."

"होय."

"बांगड्या आहेत त्या."

नंदूनं मान हलवली. मग म्हणाला, "मगाशीच सांगणार होतंय. तुम्ही हेडफोन काढलात, माझी जीभच उचलली नाय."

"कसल्या बांगड्या?" ताईंनी विचारलं. "माझ्या बूथमध्ये बांगड्या?"

मी बसले, आणि बसल्या बसल्या मला हसायला येऊ लागलं, की रडायला, ते माझं मलाच कळेना. तीन वर्षं तो प्रसंग माझ्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. कान त्या बसमध्ये अडकले होते, मग बाकीचं कुठून ऐकू येणार?

पहिल्या भागात एक प्रसंग होता. जखमी हॅनाला उचलून मेजर जळत्या तळातून बाहेर येतो. हेरंबला धाप द्यायची होती. आधी त्यानं खुर्ची उचलली, धाप येईना. मग बाहेरून पाण्याचा वीस लिटरचा जार आणला. ताई ऐकून म्हणाल्या, "जार उचलल्यासारखं वाटतंय," आणि क्लायंटचा फोन आला म्हणून बाहेर गेल्या. हेरंबनं जार खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी बूथच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून चिवडा खात होते.

"रुजू, ये."

"कुठं?"

"हॅना तूच ना? ये, उचलतो."

"वेड लागलंय का? दोन जिवांची आहे मी."

"म्हणून तर. त्या जारात एकही जीव नव्हता." आणि काचेकडं बघून, "नंद्या, दाब."

त्यानं मला खरंच उचललं. चिवड्याची पुडी पडली. मी ओरडणार, तर त्यानं डोळे वटारले, लाल दिवा लागला होता. माइकपर्यंत तो मला घेऊन चालत आला. पायाखाली चिवडा कुरकुरत होता. हसू दाबून दाबून त्याचा चेहरा लाल झालेला, नाकातून शीळ, छातीतून तो कोंडलेला उच्छ्वास, आणि माझं डोकं त्या छातीला लागलेलं. मी पडेन म्हणून त्याच्या गळ्यात हात टाकला, तशी मनगटावरची चिकटपट्टी सुटली, नॅपकिन घसरला आणि चुडा वाजला.

ताई परत आल्या तेव्हा आम्ही शहाण्यासारखे आपापल्या जागी होतो. त्यांनी ती धाप ऐकली आणि म्हणाल्या, "वा! आता कसं माणूस उचलल्यासारखं वाटतंय. जारानं काम केलं शेवटी."

माइक चालूच होता, त्यामुळं हे मी बूथमधूनच सगळ्यांना सांगितलं, तुटक तुटक. सांगून झालं तेव्हा ताई उभ्या राहिल्या होत्या.

"माझ्या स्टुडिओत? सातव्या महिन्यातल्या बाईला? नंद्या, आणि तू रेकॉर्ड करत बसलास?"

"ताई, तो म्हणालो दाब, मी दाबलंय."

"पडली असती म्हणजे?"

"नसती पडली," मी म्हणाले.

मी डोळे पुसले. पाणी प्याले. मग म्हणाले, "नंदूदादा, धापेसकट लावा. घेऊ या."

बीप, बीप, बीप. हेरंबनं श्वास घेतला. या खेपेला पडद्यावरचा माणूस मला दिसला, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि कानातला माणूस मला उचलून घेऊन चालत होता, आणि मी दोघांनाही एकदमच म्हणाले, "मेजर, डोळे उघडा. मी आहे."

चारी ओळी एका दमात झाल्या. शेवटच्या शब्दानंतर कुणी 'ओके' म्हणालं नाही. मग ताईंनी चष्मा काढला.

"ठेवायचं?"

"ठेवा."

"पूर्ण विचार करून सांगतेयस?"

"हो. पण ते बांगड्यांचं काढू नका. आता काढता येत असलं तरी."

"कोण काढतंय!" ताई म्हणाल्या. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. "एक राहिलं, ऋजुता. पुष्कर हसला, ते पुष्करचं झालं. पण श्वास आता हेरंबचा आहे. मेला तो हा. याचं हसणं कोण देणार?"

ताईंना कुणी अंधश्रद्धाळू म्हणालं तर म्हणो. त्या वेळी त्या खोलीत तो प्रश्न कुणाला वेड्यासारखा वाटला नाही. मलाही नाही. मी बूथच्या दाराशी आले होते, ताटातल्या किल्ल्या हातात घेत होते.

"त्यानं देऊन ठेवलंहा," नंदू म्हणाला.

"म्हणजे?"

"मी धाप तेवढी कापून घेतली होती. कापून उरलेला टाकूक नाय मी." तो पडद्यावर काहीतरी शोधत होता. "आसा. लावू मोठ्या स्पीकरवर?"

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी दार उघडून रिसेप्शनवर गेले, जुईला उचललं आणि आत घेऊन आले. झोपेला आली होती ती. मेजर रुमालासकट तिच्या मुठीत.

"कुठं नेतेस?"

"ऐकायचंय म्हणालीस ना?"

नंदूनं पडदा बंद केला. चित्र काही नव्हतं, नुसता आवाज. श्वास, शीळ, धाप. किण्. पुन्हा धाप. जिथं ती आता सिनेमात संपणार होती तिथून आवाज पुढं गेला, आणि तिथं दाबून धरलेलं ते सगळं एकदम फुटलं. हेरंब हसत होता. पोटातून, नाकातून, धाप लागलेला, थांबायचा प्रयत्न करत आणि थांबता न येऊन. "अगं, किती जड झालीयस!" त्यावर माझी किंकाळी, "सोड, पडेन, अरे चिवडा!" आणि चुड्याची खळखळ, आणि नंदूचं कुठूनतरी लांबून, "ताई इली, ताई इली!"

मग काही नाही. नंदूनं तिथं थांबवलं होतं रेकॉर्डिंग.

पुष्कर सोफ्यावर उठून उभा राहिला होता, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं. ताई माझ्याकडं पाठ करून पाण्याची बाटली शोधत होत्या, जी त्यांच्या समोरच होती.

जुई डोळे मोठे करून स्पीकरकडं बघत होती. तिनं ऐकलेला बाबा हुकूम सोडायचा, शत्रूला दम द्यायचा. असा बाबा तिनं ऐकलाच नव्हता.

"हा बाबा?"

"हो."

"आणि ती तू ओरडलीस?"

"हो."

तिनं जरा विचार केला. "मी नव्हते?"

"होतीस की."

"मग मी का नाही बोलले?"

"घरी जाऊन सांगते," मी म्हणाले. मला तिथं सांगता आलं नसतं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "परत लाव." आणि नंदूनं परत लावलं.

त्या बसमध्ये काय झालं, ते मला आजही माहीत नाही. कान अजून कधीमधी तिकडं जातात. जाऊन परत येतात, एवढंच.

'फौलादी पलटण'चा दुसरा भाग आता सुट्टीच्या दिवसांत दुपारी टीव्हीवर लागतो. गेल्या मे महिन्यात लागला तेव्हा जुईच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणी आमच्याकडंच होत्या. सगळ्या जणी आंब्याच्या फोडी खात टीव्हीपुढं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. पडक्या भिंतीआड मेजर पडला, हॅनानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोरी चिडीचूप. माझेही हात थांबले. श्वास, शीळ, धाप.

आणि त्या शांततेत जुई खुदकन हसली.

"ए, काय गं!" तनिष्का चिडली. "तो मरतोय आणि तू हसतेस?"

"मरत नाहीये काही," जुई म्हणाली. आंब्याची फोड तिच्या तोंडात होती. "त्यानं मला उचललंय."